चिंचेवरची वाघळं

पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सयाजीराव भोईट्यांनी एकतीस वर्षं फोरमनकी केली, तीही चार पॉवर प्रेसच्या धडधडाटावरून ओरडत. रिटायर झाले तेव्हा प्रेस तिथंच राहिल्या आणि आवाज तेवढा घरी आला. जुईनगरच्या निशिगंध सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर त्यांनी बायकोकडे चहा मागितला, की गेटवरचा वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहायचा. अशा माणसाला सोसायटीनं सेक्रेटरी केलं यात नवल काही नाही.

आवाजाखालोखाल त्यांचा लौकिक होता बिबट्याचा. उजव्या खांद्यावर वीतभर वण होता. पाटणकडच्या त्यांच्या गावी, वयाच्या सोळाव्या वर्षी, करवंदीच्या जाळीतून एक बिबट्या अंगावर आला आणि सयाजीरावांनी त्याचा जबडा धरून त्याला खाली लोळवला, अशी ती हकिकत. गणपतीत एकदा, कोजागिरीला एकदा आणि वार्षिक सभेत विषय निघो न निघो एकदा, शर्टाचं वरचं बटण काढून ते ती सांगत. पोरं आ वासून ऐकत. त्यांची बायको स्मिता मात्र अशा वेळी नेमकी काहीतरी काम काढून आत जाई.

या बिबट्या लोळवणाऱ्या गड्याला भीती एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे आजारपणाची. करोनात त्यांनी नारळाला साबण लावला होता आणि घराच्या किल्ल्या कुकरमध्ये तीन शिट्ट्या होईस्तोवर उकडल्या होत्या. शेजारच्या घरात कुणी शिंकलं, की यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लागायचा. पण हे सगळं दार लावून. दाराबाहेर बिबट्या.

निशिगंधच्या मागच्या कुंपणाला लागून एक जुनी चिंच होती. सिडकोच्याही आधीची, इथं जुई गावाची भातशेती होती तेव्हाची. तिच्यावर दीड-दोनशे वटवाघळं राहत. दिवसभर काळी फडकी वाळत घातल्यासारखी उलटी लटकायची, मधूनच एकमेकांशी कचाकचा भांडायची, पंखांनी वारा घ्यायची आणि दिवेलागणीला एकामागोमाग एक उठून खाडीच्या अंगाला निघून जायची. वीस वर्षांत त्यांच्याविरुद्ध एकच तक्रार आली होती, गाड्यांवर पडणाऱ्या घाणीची. आणि तीही चुकून कबुतरांच्या नावावर गेली होती.

मग मे महिन्यात केरळात निपाहचे रुग्ण सापडल्याची बातमी आली आणि ‘निशिगंध परिवार’ या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिला फॉरवर्ड पडला. टाकणारा दिपेश राणे. दिपेश महाप्याच्या एका आयटी कंपनीत होता, सेक्रेटरीच्या निवडणुकीत सयाजीरावांकडून अकरा मतांनी पडला होता, आणि तेव्हापासून सोसायटीच्या भल्याबाबत फारच जागरूक झाला होता. फॉरवर्डमध्ये दात विचकलेल्या वाघळाचा फोटो होता. खाली दिपेशनं पदरचं एक वाक्य जोडलं होतं: ‘आपल्याकडे दोनशे आहेत. सेक्रेटरीसाहेब काय करतायत?’

संध्याकाळपर्यंत फोटोखाली एकशे चाळीस मेसेज जमले. कुणी चिकू खाणं सोडलं, कुणी मागच्या खिडक्यांना टेप लावली. बी विंगमधल्या एका बाईंनी विचारलं, वाघळाकडे नुसतं बघितलं तरी होतो का? कुणीतरी ‘हो, डोळ्यांतून जातो’ असं ठोकून दिलं, आणि बाई भर संध्याकाळी गॉगल लावून दळण आणायला गेल्या.

सयाजीरावांनी सगळे मेसेज वाचले. ऑक्सिमीटर लावला. सत्त्याण्णव आले. मग त्यांनी शर्ट बदलला आणि तातडीची सभा बोलावली.

‘‘माणसानं घाबरू नये,’’ सभेत ते गरजले. ‘‘मी सोळाव्या वर्षी...’’

‘‘बिबट्या माहितीय काका,’’ दिपेश म्हणाला. ‘‘वाघळांचं बोला.’’

खरं तर सयाजीरावांनी काहीच ठरवलं नव्हतं. पण साठ-सत्तर माणसं तोंडाकडे बघत होती आणि दिपेश हसत होता. ‘‘रविवारी संध्याकाळी पाच वाजता,’’ ते म्हणाले, ‘‘चिंचेवर एक वाघूळ राहणार नाही. लिहून घ्या! माझ्या ओळखीची बेंजो पार्टी आहे. दोन ढोल, दोन ताशे. वाजवत वाजवत खाडीपार घालवतो.’’

टाळ्यांचा कडकडाट झाला. दिपेशनंही टाळ्या वाजवल्या. जमलं तर सोसायटीचं भलं, फसलं तर सेक्रेटरीचं बुरं. त्याचा दोन्हीकडून फायदाच होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात एक मुलगी आली. समरा हुर्जुक. ए विंगच्या चौथ्या मजल्यावर वर्षभरापासून भाड्यानं राहत होती. मूळची म्हसळ्याकडची; वडील फजल हुर्जुक तिथं शाळेत हेडमास्तर होते. ‘कसल्यातरी लॅबमध्ये असते’ एवढंच तिच्याबद्दल सयाजीरावांना ठाऊक होतं. तिच्या हातात दोन पानी पत्र होतं.

‘‘काका, मी वटवाघळांवरच काम करते,’’ ती म्हणाली. ‘‘त्यांच्या अंगात कुठकुठले विषाणू असतात, ते शोधणं हीच माझी नोकरी.’’

सयाजीरावांनी खुर्ची वीतभर मागे घेतली.

‘‘कमिटीसमोर हे पत्र ठेवा, प्लीज. ढोल नका वाजवू.’’

‘‘म्हणजे? त्यांच्यात निपाह असतो हे खोटं?’’

‘‘खोटं नाही. काही ठिकाणच्या वाघळांत सापडलाय. या झाडावरच्यांत आहे की नाही, ते अजून कुणी पाहिलेलं नाही. पण असला तरी त्यांना त्याचा त्रास होत नाही. हजारो वर्षं तो त्यांच्यात राहतोय, एकमेकांची सवय झालीय दोघांना. ती जगतात, तोही जगतो.’’

‘‘वा! म्हणजे यांना काही नाही आणि मरायचं आम्ही?’’

‘‘आपल्याला त्याची सवय नाही ना. म्हणून त्यांच्या वाटेला जायचं नाही. त्यांनी उष्टावलेली फळं खायची नाहीत, वाघूळ हातात धरायचं नाही, झाडाखाली उघड्यावर खायचं-प्यायचं नाही. झालं, बस. पण त्यांना हुसकावलं, त्यांची उपासमार केली, की ती बिथरतात. आणि बिथरलेल्या वाघळाच्या अंगात विषाणू असलाच तर तो जास्त बाहेर पडतो. लाळेतून, लघवीतून. शिवाय आता त्यांची पिल्लं लहान आहेत. आणि कायद्यानं त्यांना संरक्षण आहे.’’

‘‘कायदा! मेंटेनन्स भरतात का ती?’’

समरा हसली नाही. ‘‘पत्राच्या शेवटी एक विनंती आहे. वनखात्याची परवानगी माझ्याकडे आहे. पहाटे झाडाखाली प्लॅस्टिक अंथरून त्यांच्या लघवीचे नमुने घ्यायचेत. म्हणजे आहे की नाही ते नीट कळेल. सगळ्यांचं टेन्शन जाईल.’’

‘‘ठेव,’’ सयाजीराव म्हणाले. ‘‘कमिटीला दाखवतो.’’

ती गेल्यावर त्यांनी पत्र पूर्ण वाचलं. दुसऱ्यांदाही वाचलं. पोरगी बरोबर बोलतेय, हे त्यांना कळलं. पण बेंजो पार्टी ठरली होती, टाळ्या वाजून झाल्या होत्या, आणि आता माघार घ्यायची म्हणजे दिपेशचं ते हसणं बघायचं. तेही एका भाडेकरू पोरीच्या शब्दावरून. त्यांनी पत्राची घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये लिफ्टवाल्याच्या जुन्या कागदांखाली सारून दिली.

रविवारी पाचला सगळी सोसायटी मागच्या अंगणात लोटली. पोरं वडापाव खात होती, म्हाताऱ्यांनी खुर्च्या आणल्या होत्या. बेंजोवाल्यांनी लाल कोट घातले होते. गेटवर रोज मासळी घेऊन येणाऱ्या जुई गावातल्या मालतीबाईही पाटी बाजूला ठेवून बघायला थांबल्या होत्या. चिंचेच्या गर्द सावलीत त्या छत्री उघडून उभ्या होत्या.

‘‘मालतीबाई, सावलीत छत्री?’’ सयाजीरावांनी विचारलं.

‘‘ऱ्हाव द्या सायब,’’ मालतीबाई म्हणाल्या. ‘‘ही वाघला माज्या आज्याचे टायमापासून हितं हान. तुमी वाजवा तुमचा. मी हाय हितंच.’’

सयाजीरावांनी हात वर केला. ढोल घुमला, ताशा तडतडला, बेंजोनं हळदीचं एक गाणं धरलं. चिंचेवर जराशी हालचाल झाली. काही वाघळांनी डोकी वळवून खाली बघितलं, जणू हळद कुणाची आहे ते विचारत होती. मग पुन्हा पंखात तोंडं घातली.

‘‘जोरात!’’ सयाजीराव ओरडले.

बेंजोवाले जोरात वाजवू लागले. दोन पोरं नाचायला लागली. गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारली. वाघळं जागची हलेनात. दिपेश मोबाइलवर व्हिडिओ काढत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं होतं. सयाजीरावांना ते दिसलं. ते तरातरा चिंचेच्या बुंध्याशी गेले, मान मागे टाकली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि चार पॉवर प्रेसच्या वरची आरोळी ठोकली.

‘‘हाऽऽऽऽऽड!’’

ढोलानं जे जमलं नाही ते या आरोळीनं केलं. अख्खी चिंच एकदम उडाली. दीडशे-दोनशे जनावरं एका दमात सुटली, आभाळ काळं झालं. आणि घाबरलेलं जनावर उडण्याआधी जे करतं, ते त्या सगळ्यांनी एकाच वेळी केलं.

पाऊस मिनिटभरच पडला, पण कोरडं कुणी राहिलं नाही. वडापाव, लाल कोट, ढोल, दिपेशचा मोबाइल, सगळं न्हालं. कोरड्या फक्त मालतीबाई. आणि सयाजीराव बुंध्याशी तसेच उभे होते, मान मागे, तोंड उघडं. आरोळीचा शेवटचा ‘ड’ अजून पुरा व्हायचा होता.

तेवढ्यात समरा स्टेशनकडून धावत आली. कमिटीनं पत्र वाचलं असेल, बेत रद्द झाला असेल, अशा समजुतीत ती दिवसभर बाहेर होती. ढोल ऐकून पळत सुटली.

‘‘काका! तोंड मिटू नका! थुंका! गिळू नका!’’

सयाजीरावांनी तिच्याकडे बघितलं. गळ्याची घाटी एकदा वर गेली आणि खाली आली.

‘‘गिळलं?’’

त्यांनी मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आवाज निघाला नाही.

पुढचा अर्धा तास समरानं सगळ्यांना नळावर रांगेत उभं केलं. साबण, पाणी, चुळा, डोळे धुणं, कपडे थेट मशीनमध्ये. उघड्यावरचा खाऊ कचऱ्यात. मग ती झाडाखाली गेली. जाड हातमोजे घालून तिनं मातीतून एक पिल्लू उचललं, मुठीएवढं. आईच्या अंगावरून सुटून पडलं होतं. ते तिनं एका टोपलीत घातलं आणि वॉचमनच्या शिडीवर चढून टोपली फांदीला बांधली.

‘‘मला किती दिवस आहेत?’’ सयाजीरावांनी खालून विचारलं. आवाज जेमतेम शिडीपर्यंत पोचला.

‘‘काका, तुम्हाला काही होण्याची शक्यता फार म्हणजे फारच कमी आहे. या वाघळांत विषाणू आहे की नाही तेही माहीत नाही. तरी डॉक्टरांना कळवू, आणि एकवीस दिवस रोज ताप बघू. घरातच राहा. घाबरू नका.’’

या सगळ्या बोलण्यातलं ‘एकवीस दिवस’ तेवढं सयाजीरावांनी ऐकलं. ते घरी गेलेच नाहीत. सोसायटीच्या ऑफिसात त्यांनी घडीची खाट मागवली आणि आतून कडी लावून घेतली. स्मितानं खिडकीतून डबा आणि चहाचा थर्मास आत सरकवायचा, मागे हटायचं, आणि मगच बोलायचं, असा नियम केला.

‘‘अहो, ती मुलगी म्हणाली घरी राहिलं तरी चालेल,’’ स्मिता म्हणाली.

‘‘माझ्यापायी तुला मरण नको,’’ आतून आवाज आला.

‘‘मग दुपारी काय करू? भेंडी की फ्लॉवर?’’

‘‘भेंडी.’’

ऑफिसाची खिडकी नेमकी चिंचेकडे उघडत होती. चिंच आता रिकामी होती आणि रिकामी चिंच बघायला फार वाईट वाटत होतं. पहिल्या दिवशी दिवेलागणीला एक वाघूळ एकटंच आलं, टोपलीवर दोन घिरट्या घातल्या, उतरलं, आणि पिल्लाला पोटाशी घेऊन गेलं. सयाजीराव श्वास रोखून बघत होते. डोळे पुसायला रुमाल काढला, पण रुमालावर जंतू असतील म्हणून परत ठेवला.

बाकीची वाघळं खाडीपार वगैरे कुठं गेली नव्हती. ती सेक्टरभर विखुरली होती. शेजारच्या सोसायटीच्या आंब्यावर तीस, बागेतल्या उंबरावर चाळीस, बालवाडीच्या बदामावर वीस. एका जागी होती ती आठ जागी झाली. ग्रुपवर फोटोंचा पूर आला. दर फोटोखाली दिपेश लिहायचा: ‘सेक्रेटरीसाहेबांचे आभार.’

सयाजीराव तासातासाला जिभेखाली थर्मामीटर धरत होते. अठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. सत्त्याण्णव पॉइंट नऊ. मग ताप कमी का झाला म्हणून घाबरून पुन्हा. पाचव्या दिवशी सकाळी अकरा वाजता मात्र आकडा आला एकशे एक पॉइंट सहा.

त्यांनी थर्मामीटर झटकला, पुसला, पुन्हा लावला. एकशे एक पॉइंट चार. डोकं जड वाटायला लागलं. निपाहमध्ये डोकंच आधी जातं, हे त्यांनी वाचलं होतं. म्हणजे शुद्ध आहे तोवरच काय ते बोलून घ्यायला हवं. त्यांनी समराला ‘ताप आला’ एवढा मेसेज केला. मग ‘निशिगंध परिवार’ उघडला आणि माइकचं बटण दाबलं. ताप आला की सयाजीरावांची भाषा थेट गावाला जायची, तशी ती गेली.

‘‘निशिगंध परिवार, मी सयाजी भोईटे बोलतोय. ताप एकशे दोन हाय. म्या काय आता ऱ्हात न्हाई. कुणावर राग न्हाई. पर चार गोष्टी छातीवर घिऊन जायाच्या न्हाईत. दिपेश, तुझ्या नव्या गाडीला वरखडा म्या काढला. छत्रीचं टोक लागलं. मांजरावर ढकललं, त्या मांजराची बी माफी मागतो. दुसरं. बिबट्या नव्हता. शेळी हुती. आमचीच शेळी. चारा घालताना ढुशी मारली आन् म्या दगडावर पडलो. तिसरं.’’ इथं बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. ‘‘समरा हुर्जुक या पोरीनं मला पत्र दिलतं. ढोल वाजवू नका, म्हणून. सगळं बराबर लिवलतं. म्या ते ड्रॉवरात दडवलं, टाळ्या वाजल्या हुत्या म्हणून. आन् तिला भाड्यानं ऱ्हायाची एनओसी द्यायला म्या दीड महिना लावला. कागद समदे बराबर हुते. आडनाव वाचून लावला. चौथं. स्मिता. तुझ्या माहेरचं फणसाचं सांदण मला कधीच आवडलं न्हाई. सव्वीस वर्सं खिशात घालून खाली कुत्र्याला घालतोय. तेवढं माफ कर. जय महाराष्ट्र.’’

तीन मिनिटं बारा सेकंद. त्यांनी बोट उचललं. मेसेज गेला. सयाजीराव खाटेवर आडवे झाले, हात छातीवर जुळवले आणि डोळे मिटले. बऱ्याच दिवसांनी त्यांना शांत वाटलं.

समरा वीस मिनिटांत आली, मास्क आणि हातमोजे घालून. खिडकीतून आत बघितलं. खाटेशेजारी थर्मास, थर्मासचं झाकण, झाकणात उरलेला चहा.

‘‘काका, ताप बघण्याआधी काय घेतलं होतं?’’

‘‘काही नाही. शेवटचा चहा घेतला.’’

‘‘किती आधी?’’

‘‘शेवटचा घोट आणि थर्मामीटर. लगेच.’’

समरानं डोळे मिटले. ‘‘थर्मास बंद करा. अर्धा तास काही घ्यायचं नाही. मग मी बघते.’’

तो अर्धा तास मोठा गेला. समरा खिडकीबाहेरच्या पायरीवर बसली. आत सयाजीराव उठून बसले होते आणि त्यांना हळूहळू एक भयंकर शंका यायला लागली होती. त्यांनी फोन उघडला. मेसेज पुसायला गेले. पण खाली सदुसष्ट जणांनी ऐकल्याच्या निळ्या खुणा होत्या आणि दिपेशनं तो आधीच जपून ठेवल्याचं लिहिलं होतं.

‘‘तू ऐकलंस?’’ त्यांनी विचारलं.

‘‘येता येता रिक्षात.’’

मग समरा म्हणाली, ‘‘एनओसीच्या वेळी मी चार वेळा कागद बदलून आणले होते. अब्बा म्हसळ्याहून दोनदा आले, नवीन शपथपत्र करून. मला वाटायचं, आपल्याच फाइलीत काही चुकतंय. काही चुकलं नव्हतं, एवढं आज कळलं.’’

माफी तर सयाजीरावांनी मरताना मागितली होती. जिवंतपणी ती पुन्हा मागायची म्हणजे अवघड काम होतं. पण त्यांनी मागितली. खिडकीशी येऊन, उभं राहून, तिचं नाव घेऊन.

‘‘अब्बांनाही फोन करा,’’ ती म्हणाली. ‘‘शपथपत्रं त्यांनी केली होती.’’

अर्धा तास झाला. थर्मामीटर लावला. अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन.

तेवढ्यात जिन्यावरून स्मिता खाली आली. तिच्या हातात फोन होता. ती खिडकीशी उभी राहिली आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

‘‘बिबट्याचं मला लग्नानंतर पंधरा दिवसांतच कळलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘सासूबाईंनीच सांगितलं. शेळीचं नाव चांदी. त्याचं काही नाही. पण सांदणाचं मला माहीत नव्हतं.’’

आणि ती वर निघून गेली. सयाजीराव पाच दिवसांत पहिल्यांदाच घरी जायला तयार झाले होते. ते पुन्हा खाटेवर बसले.

‘‘एकवीस दिवस पुरे इथंच काढतो,’’ ते समराला म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ऑफिसाबाहेर सभा झाली; सयाजीराव मास्क लावून, सगळ्यांपासून दूर, मागच्या खुर्चीवर बसले होते. दिपेशनं ड्रॉवर उघडायला लावला आणि समराचं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. वाचता वाचता त्याचाच आवाज खाली येत गेला, कारण दात विचकलेला फोटो त्यानंच टाकला होता आणि पत्रातल्या दुसऱ्या परिच्छेदात अशा फोटोंबद्दलही लिहिलं होतं. सयाजीरावांनी उभं राहून राजीनामा दिला. तो एकमतानं मंजूर झाला आणि दिपेश सेक्रेटरी झाला. लगेच पुढच्या मिनिटाला बी विंगच्या गॉगलवाल्या बाईंनी त्याला विचारलं, ‘‘मग वाघळांचं तुम्ही काय करणार?’’ दिपेशनं घाम पुसला आणि समराकडे बघितलं.

ठरलं ते साधंच होतं. झाडाखालची बाकं हलवायची, गाड्या पलीकडे लावायच्या, पडकी फळं हातानं उचलायची नाहीत. आणि नमुने घ्यायला समराला परवानगी. तिला प्लॅस्टिक धरायला एक माणूस हवा होता. कुणीच पुढे येईना. शेवटी मागच्या खुर्चीवरून एक हात वर झाला.

सतराव्या दिवशी वाघळं परत आली. आधी दहा-बारा, मग चाळीस, मग जवळजवळ सगळीच. मालतीबाईंनी गेटवर पाटी उतरवता उतरवता सांगितलं, ‘‘आली बगा सायब. जातील कुटं? घर हाय त्यांचा.’’

एकविसावा दिवस निर्विघ्न सरला. त्यानंतरच्या सोमवारी, फटफटल्यावर, वाघळं खाडीवरून परतून फांद्यांवर स्थिरावत असताना, सयाजीराव पांढऱ्या पोशाखात, चष्मा, मास्क, दोन-दोन हातमोजे अशा थाटात चिंचेखाली उभे होते. त्यांनी प्लॅस्टिकची दोन टोकं धरली होती, समरानं दोन. वरून टपटप थेंब पडत होते आणि समरा एकेक थेंब बारीक पिचकारीनं उचलून कुपीत भरत होती. सयाजीराव हलत नव्हते. त्यांना भीती वाटत होती, पण आता ती कुणापासून लपवायची गरज नव्हती, त्यामुळे प्लॅस्टिक ताठ धरायला जमत होतं.

‘‘काका, तुम्ही अब्बांना फोन केला म्हणे,’’ समरा कुपीला झाकण लावत म्हणाली.

‘‘दोनदा. पहिल्यांदा त्यांनी ठेवून दिला.’’

‘‘दुसऱ्यांदा?’’

‘‘अर्धा तास बोलले. हेडमास्तर आहेत. मला काही बोलू दिलं नाही.’’

समरा मास्कच्या आत हसली असावी; डोळ्यांवरून तसं वाटलं.

नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेत गेले. दीड महिन्यानं निकाल आला तेव्हा ती स्वतः दुसऱ्या मजल्यावर सांगायला गेली. स्मितानं दार उघडलं. सयाजीराव जेवत होते आणि त्यांच्या ताटात फणसाच्या सांदणाच्या चार वड्या होत्या. स्मिता समोर उभी राहून प्रत्येक घास मोजत होती. एरवी सांदण आंब्याफणसाच्या दिवसांत एकदा व्हायचं. यंदा ते दर रविवारी होत होतं.

‘‘काका, निकाल आला. या नमुन्यांत निपाह सापडला नाही.’’

सयाजीरावांनी हातातली वडी खाली ठेवली. स्मितानं ती पुन्हा त्यांच्या हातात दिली.

‘‘म्हणजे आपल्या वाघळांत नाहीच?’’

‘‘या वेळी मिळाला नाही. पुढच्या हंगामात पुन्हा घ्यायचे.’’

‘‘आणि मिळाला असता तर? तर काय केलं असतं?’’

‘‘जे आता करतोय तेच. झाडाखाली बसायचं नाही, उष्टी फळं खायची नाहीत, त्यांना छेडायचं नाही.’’

‘‘अस्सं,’’ सयाजीराव घास गिळत म्हणाले. ‘‘मग फरक काय?’’

समरानं विचार केला. ‘‘माझा पेपर छापून आला असता.’’

‘‘बस गं,’’ स्मिता म्हणाली. ‘‘खरं सांग, तुला सांदण आवडतं का?’’

‘‘आवडतं म्हणजे? आमच्या म्हसळ्यात घरोघरी होतं,’’ समरा म्हणाली आणि सयाजीरावांचं ताट आपल्याकडे ओढून बसली.